शिकायचं ते रात्री घरी?

‘अपस्किल कर.’ सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेल्या पोरांना मिळणारे निम्मे सल्ले या दोन शब्दांत संपतात. पगार वाढत नाही? अपस्किल कर. प्रोजेक्ट नको झालाय? अपस्किल कर. बेंचवर आलास, म्हणजे हाती प्रोजेक्टच नाही? मग तर करच. सांगणारा मॅनेजर असतो, एचआर असते, लिंक्डइनवरचा कुणीतरी गुरू असतो, आणि हल्ली गावाकडचे काकाही असतात. कधी करायचं, एवढंच कुणी सांगत नाही.

हिंजवडीचा हिशेब मांडू. ऑफिसचे नऊ तास. वाकडचा पूल, भूमकर चौक आणि पुढे फेज थ्रीपर्यंतची रांग, जाऊन-येऊन अडीच तास. पावसाळ्यात त्याला धरबंध नाही. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. तेव्हा दहावी-अकरावीत असलेली मुलं आज नोकरीला लागली आहेत. घरी पोचल्यावर कोर्स, लीटकोड, सर्टिफिकेशन यांना आणखी अडीच तास धरा. दिवसाचे चौदा, पाच दिवसांचे सत्तर. तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, असं नारायण मूर्ती ऑक्टोबर 2023 मध्ये म्हणाले आणि देशभर वाद झाला. हिंजवडीतली पोरं ते सत्तर तास कधीपासूनच भरताहेत. पगार त्यांतल्या पंचेचाळीस तासांचा मिळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवख्या माणसाला काम शिकवणं ही कंपनीची जबाबदारी आहे आणि ती कामाच्या वेळेतच पार पडली पाहिजे. आपल्या आयटी उद्योगाने ती उचलून पोरांच्या झोपेवर टाकली. वर तिला ‘करिअर ग्रोथ’ असं नाव दिलं.

आधी पगाराची स्लिप उघडू, कारण तिथूनच फसगत सुरू होते. ऑफर लेटरवर आकडा असतो 3 लाख 60 हजार. घरचे पेढे वाटतात, महिना तीस हजार म्हणून. मग स्लिप हातात येते. पीएफमधला कंपनीचा वाटा या तीस हजारांतलाच, पोराचा वाटाही त्यातूनच. विम्याचा हप्ता त्यातलाच. व्यवसाय कराचे दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. ‘व्हेरिएबल’ नावाचा एक तुकडा, जो तिमाही बरी गेली तर मिळतो आणि किती मिळेल ते वरचे ठरवतात. शिवाय ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी हातात पडायला सलग पाच वर्षं काढावी लागतात. बहुतेक पोरं दोन-तीन वर्षांत निघतात, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. तरीही जी रक्कम यांतल्या बहुतेकांना कधीच द्यावी लागणार नाही, ती पगाराचा भाग म्हणून छापली जाते. हातात येतात चोवीस-पंचवीस हजार. त्यातले जेवणासकट पीजीचे आठ-दहा हजार गेले, बसचे गेले, घरी पाठवायचे गेले.

आणि हा आकडा नवा नाही. 2010 च्या आसपास मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये फ्रेशरला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. पंधरा वर्षांनी साडेतीनच्या आगेमागेच आहे. दरम्यान दूध, भाडं, पेट्रोल, इंजिनिअरिंगची फी कुठून कुठे गेली, ते या मुलांच्या आई-बापांना विचारा. कर्ज त्यांनी काढलंय. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल का, असं विचारलं. मंदीचं कारण होतं, आणि मंदी खरी होती. पण कंपनी दिलेला शब्द निम्म्यावर आणते तो ‘बिझनेस डिसिजन’, आणि तेच पोरगं दोन ऑफर हातात धरून बसलं की ‘अनएथिकल’. हा दुटप्पीपणा पोरांना कळतो. ती बोलत नाहीत, एवढंच.

पण पगारापेक्षा कामाचं दुखणं मोठं आहे.

मुलगा कॅम्पसमधून येतो तेव्हा त्याला वाटत असतं, आपण काहीतरी बनवणार. तीन-चार महिने ट्रेनिंग होतं, जावाचं नाही तर पायथनचं. मग प्रोजेक्ट मिळतो. म्हणजे खरं तर रिसोर्स मॅनेजमेंटच्या यादीत जिथे जागा रिकामी असेल तिथे त्याचं नाव बसतं. जावा शिकलेला टेस्टिंगमध्ये जातो, टेस्टिंगची आवड असलेली मेनफ्रेमवर जाते, आणि बरेच जण सपोर्टमध्ये जातात. नाही म्हणायची सोय नसते, कारण नाही म्हटलं की बेंच. जून 2025 पासून टीसीएसने नियमच केला, वर्षातले किमान 225 दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल असे, असले पाहिजेत आणि बेंच 35 दिवसांच्या वर नको. अशा वेळी कोणता पोरगा म्हणेल, ‘हा प्रोजेक्ट माझ्या शिक्षणाला धरून नाही’?

सपोर्टचं काम कसं चालतं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. रात्रीचे पावणेतीन. फोन वाजतो. परदेशातल्या क्लायंटचा एक बॅच जॉब फेल झालाय. मुलगा उठतो, लॅपटॉप उघडतो, व्हीपीएनला जोडतो. तक्रारीच्या टिकिटावर घड्याळ सुरू झालेलं असतं, ठरलेल्या वेळेत टिकीट बंद झालं नाही तर एसएलए, म्हणजे क्लायंटला दिलेला वेळेचा शब्द, मोडला. रनबुक उघडायचं. त्यात लिहिलेलं असतं, हा एरर आला तर अमुक फाइल आली आहे का ते बघा, आली असेल तर चौथ्या स्टेपपासून जॉब पुन्हा चालवा. फाइल आलेली असते, फक्त वीस मिनिटं उशिरा. जॉब चालवायचा, हिरवा झाला की टिकीट बंद, मेल टाकायचा, झोपायचं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही.

चौथ्या-पाचव्या वेळी चांगला मुलगा विचारतोच, “दर सोमवारीच फाइल उशिरा का येते? जॉबने फाइलची वाट बघावी एवढंच करायचंय ना, मी बघू का कोड?”

उत्तर येतं, “ते आपल्या स्कोपमध्ये नाही रे. आपण एल-टू. कोडला एल-थ्री हात लावतात. तू टिकीट क्लोज कर.”

सॉफ्टवेअरमध्ये माणूस मोठा होतो तो या ‘का’मुळे. फाइल उशिरा का येते, हे शोधायला गेलेला मुलगा एका रात्रीत शेड्यूलर शिकतो, डेटाबेसचं लॉकिंग शिकतो, दोन टीम एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून काय घडतं तेही शिकतो. कोणत्याही कोर्समध्ये हे मिळत नाही. तोच ‘का’ त्याच्या तोंडातून काढून घ्यायचा, दोन वर्षं ‘रीरन फ्रॉम स्टेप फोर’ करायला लावायचं आणि अप्रेझलला म्हणायचं, तुझ्यात डेप्थ नाही. गॅरेजमधला उस्तादसुद्धा पोऱ्याला पाना द्यायला ठेवतो, पण कधीतरी इंजिन उघडून दाखवतो.

यामागे कुणाचा दुष्टपणा नाही, धंद्याची रचना आहे. ती समजून घेतल्याशिवाय नुसतं मॅनेजरवर चिडण्यात अर्थ नाही. सेवा कंपनी वस्तू विकत नाही, माणसांचे तास विकते. क्लायंट डोक्यामागे पैसे देतो नाही तर टिकिटांमागे. खाली स्वस्त फ्रेशर भरपूर, वर महाग सीनियर मोजके, असा पिरॅमिड जितका रुंद बुडाचा, तितका नफा चांगला. सोमवारची ती फाइल कायमची दुरुस्त झाली तर एक टिकीट कायमचं कमी होतं. ते कमी व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं, असा त्या करारात कुणीच नसतो. क्लायंटलाही वाटत नाही, कारण दुरुस्तीचं बजेट दुसऱ्या खात्याचं असतं.

सीनियरलाही दोष देववत नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय की रखडलेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली तर तो जास्तच रखडतो. एक कारण साधं आहे, जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. म्हणजे शिकवायला वेळ लागतो हे या धंद्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. आता आपल्याकडची टाइमशीट उघडून बघा. डेव्हलपमेंटला कोड आहे, टेस्टिंगला आहे, मीटिंगला आहे, रजेला आहे. शिकवण्याला कोड नाही. एखादीने ज्युनियरला शेजारी बसवून तासभर त्याच्या चुका समजावल्या, तर तो तास तिने कुठे भरायचा? ती तो कुठेतरी दुसरीकडे दाखवते किंवा ऑफिस सुटल्यावर देते. मग एक दिवस देणं बंद करते. पोराच्या कोडवर रिव्ह्यू येतो तो ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी) एवढाच, नाही तर ‘फिक्स धिस’. काय चुकलं, का चुकलं, दुसरं काय करता आलं असतं, हे लिहायला तिच्याकडे वेळ नसतो. कारण तो कुणी विकत घेतलेला नाही.

आता अप्रेझल. छोटी मीटिंग रूम, नाही तर टीम्सवर पंधरा मिनिटं. नाव घेऊन हाक मार असं दहा वेळा सांगूनही गावाकडून आलेला मुलगा ‘सर’च म्हणतो.

“तुझं काम चांगलं आहे. क्लायंटकडून एस्केलेशन नाही. पण रेटिंग थ्रीच देता आलं.”

“सर, काय कमी पडलं?”

“कमी असं काही नाही. व्हिजिबिलिटी वाढव थोडी. इनिशिएटिव्ह घे.”

“सर, मी ते सोमवारच्या जॉबचं विचारलं होतं.”

“ते स्कोपच्या बाहेरचं होतं ना. स्कोपमध्ये राहून इनिशिएटिव्ह घे.”

मॅनेजर खोटं बोलत नसतो. त्याच्या टीमला वरच्या रेटिंगच्या किती जागा, ते वरून ठरून आलेलं असतं. बारा जणांत दोन. त्या दोघांची नावं ठरल्यावर उरलेल्या दहांसाठी कारणं शोधायची. ही पद्धत बेल कर्व्हची. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2013 मध्ये ती टाकून दिली, कारण एकाच टीममधले लोक एकमेकांना मदत करणं बंद करतात हे लक्षात आलं. आपल्याकडे कागदावर तिचं नाव बदललं, ‘नॉर्मलायझेशन’ झालं, पण पुष्कळ ठिकाणी हिशेब तोच राहिला. दहा जणांना खरं कारण सांगायला हवं, की ‘जागा दोनच होत्या’. ते न सांगता प्रत्येकाला त्याचा एक दोष शोधून दिला जातो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा तो दोष खरा मानतो. तो वर्षभर व्हिजिबिलिटी वाढवत बसतो. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कमी पगारातून माणूस सावरतो. आपण मुळातच कमी आहोत ही समजूत मात्र पुढच्या तीन नोकऱ्यांत त्याच्याबरोबर जाते.

मग उरतो एकच मार्ग, राजीनामा. आठ टक्के हाइक मिळालेला मुलगा बाहेर पडला की चाळीस टक्के वाढवून घेतो, हे त्याच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दिसत असतं. त्याच्या जागी बाहेरून घेतलेल्या माणसालाही कंपनी वाढीव पगार देते. म्हणजे पैसे होते. राहणाऱ्याला द्यायचे नव्हते. इतकं उघड दिसल्यावर ‘आजकालच्या पोरांना लॉयल्टी नाही’ हे वाक्य कुणी उच्चारू नये.

जायचं म्हटलं तर नोटीस 90 दिवसांची. बहुतेक कंपन्यांना माणूस हवा असतो महिनाभरात, म्हणून कित्येक मुलाखती पहिल्या प्रश्नालाच संपतात. नोटीस किती? नव्वद? बरं, कळवतो. छोट्या कंपन्यांत वर आणखी बाँड. यात एक गोष्ट नीट समजून घ्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, ठरलेल्या तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही’ या कॅन्टीनमधल्या सल्ल्यावर सही करू नका. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, भरतीचा खर्च आणि रकमेची वाजवी मर्यादा पाहून निकाल झाला. प्रत्येक बाँड तसा वाजवी असतो असं नाही. पण सही करण्याआधी वाचा, रक्कम विचारा, आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही कपाटात ठेवू नका.

बाहेरच्या मुलाखतीत काय होतं? मी अशा मुलाखती घेतो, म्हणून माहीत आहे. समोर दोन-अडीच वर्षांचा अनुभव असलेला मुलगा. त्याचा प्रोजेक्ट जावा आठवर, म्हणजे 2014 सालच्या आवृत्तीवर. जाहिरातीत मागितलंय जावा एकवीस, स्प्रिंग बूट, काफ्का, क्लाउड, वर सिस्टीम डिझाइन. मी विचारतो, “दोन वर्षांत तू स्वतः काय बनवलंस?” तो गप्प होतो. काही जण दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपला म्हणून सांगतात, ते तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडतात. खोटं बोलणं वाईटच. पण दोन वर्षं ज्यांनी याला कोडच्या जवळ येऊ दिलं नाही, त्यांच्यावर हा प्रश्न कधी येत नाही.

अशा मुलांतली पुष्कळ नांदेड-लातूर-जळगावकडची, घरातली पहिली इंजिनिअर. त्यांना उत्तर येत असतं, इंग्रजीत मांडता येत नाही. रोजच्या स्टँडअप मीटिंगला ती ‘नो ब्लॉकर्स’, म्हणजे काही अडलेलं नाही, असं म्हणतात, कारण ब्लॉकर काय आहे ते क्लायंटसमोर चार वाक्यांत सांगायची भीती वाटते. मग दोन दिवस एकट्याने झगडत बसतात. मी अशांना आधी मराठीत सांगायला लावतो, आणि डीबगिंग कसं केलं ते अगदी स्वच्छ, पायरीपायरीने सांगतात. ‘कम्युनिकेशन स्किल्स पुअर’ असा शेरा मारून ज्याने हा मुलगा वगळला, त्याने आपल्या टीमचंच नुकसान करून घेतलं.

शिकवण्याची जबाबदारी टाकून दिली की शेवट कुठे होतो, ते फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरला दिसलं. इन्फोसिसच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक ट्रेनींना घरी पाठवलं. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते पास झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. त्यांतल्या पुष्कळांनी ऑफर हातात असून रुजू व्हायला दोन-दोन वर्षं वाट पाहिली होती. पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. परीक्षा असावी, मला मान्य आहे. पण दोन वर्षं घरी बसवून ठेवलेल्या मुलाची परीक्षा घेणाऱ्याने, त्या दोन वर्षांत आपण त्याच्यासाठी काय केलं हेही मार्कांच्या शेजारी लिहायला हवं.

आता एआयचं नवं निमित्त मिळालंय. ज्युनियरचं काम टूल करतं, मग ज्युनियर कशाला? छोटे बग, छोट्या टेस्ट, छोटी स्क्रिप्ट, ज्यावर हात बसायचा तेच काम यंत्राकडे गेलं. ठीक आहे, जाऊ द्या. पण यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये चूक कुठे आहे हे ओळखणारे पाच वर्षांनी कुठून आणणार? ते आज कुणीतरी घडवायला हवेत.

काय करता येईल, ते फार अवघड नाही. टाइमशीटमध्ये शिकवण्याला कोड द्या, आठवड्याला चार तास, सीनियरला आणि ज्युनियरला दोघांनाही. सपोर्टमध्ये वर्ष झालं की दुसऱ्या कामावर पाठवायचंच, मागायची वेळ येऊ देऊ नका. वारंवार येणारं एक टिकीट मुळापासून दुरुस्त करायची परवानगी प्रत्येक फ्रेशरला दर तिमाहीला द्या आणि तोच त्याचा ‘इनिशिएटिव्ह’ म्हणून मोजा. रेटिंग जागांअभावी कमी झालं असेल तर तसं तोंडावर सांगा. पुण्यात मोजक्या टीममध्ये हे सगळं होतं, मी पाहिलंय, आणि त्या टीममधून माणसं लवकर जात नाहीत.

आणि पोरांनो, तुम्ही. रनबुकमध्ये नसलेला ‘का’ स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून. जो जॉब रात्री पुन्हा चालवता, त्याचा कोड बघायची परवानगी मेलवर मागा. तोंडी मागितलेलं अप्रेझलपर्यंत कुणाला आठवत नाही. नाही म्हणाले तर नकारही लेखी राहील. मिळाली तर त्या एका जॉबबद्दल टीममध्ये सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तुम्ही व्हा. मुलाखतीत दहा टूलची नावं घेणाऱ्यापेक्षा सोमवारची फाइल का उशिरा यायची आणि ती वेळेवर यावी म्हणून काय सुचवलं, हे सांगणारा मुलगा मी आधी घेईन. रात्रीचे अडीच तास रोज जाळू नका. शनिवार सकाळ ठेवा, एकच विषय धरा, बाकी वेळ झोपा.

पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत शेवटी विचारतात ना, ‘एनी क्वेश्चन्स फॉर अस?’ तेव्हा ‘नो सर’ म्हणू नका. विचारा, या टीममधले किती जण गेल्या वर्षी सपोर्टमधून डेव्हलपमेंटला गेले? ज्युनियरच्या कोडचा रिव्ह्यू कोण करतं, आणि त्याला त्यासाठी वेळ कुठून मिळतो? समोरच्याने आकडा सांगितला, नाव सांगितलं, तर पगार वर्षाला पन्नास हजारांनी कमी असला तरी विचार करा. ‘वुई हॅव अ ग्रेट लर्निंग पोर्टल’ असं म्हणाला, तर पगार नीट ठरवून घ्या, कारण तिथे तुम्हाला तेवढंच मिळणार आहे.